मी कोण म्हणून ओवाळू?

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच नात्याभोवती, रक्ताची नसलेल्या बहिणीच्या नात्याभोवती, फिरत होती, म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून त्या तिघींनाच उत्तरे देत आहे. पत्रलेखिकांची ओळख कळेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आम्ही नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. गेल्या जूनमध्ये बालकल्याण समितीच्या आदेशाने नऊ वर्षांची एक मुलगी आमच्या घरी प्रतिपालकत्वात, म्हणजे ज्याला सगळे फॉस्टर केअर म्हणतात त्या व्यवस्थेत, राहायला आली. तिचे वडील वारले आहेत, आईवर दीर्घ आजारासाठी उपचार सुरू आहेत आणि पाच वर्षांचा धाकटा भाऊ आजीकडे असतो. मुलगी फार गुणी आहे. जेवणे झाली की न सांगता सगळ्यांची ताटे उचलते. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला मात्र स्वतःचे ताट उचलायलाही दोनदा सांगावे लागते. भाऊबीजेला मी पाट मांडला, तबक तयार केले आणि तिला हाक मारली, तर ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबून म्हणाली, “मी कोण म्हणून ओवाळू?” सासूबाई म्हणाल्या, “बरोबर बोलली पोर. उद्या आईकडे जाणार, कशाला नाती जोडता?” त्या दिवसापासून मुलगा मला विचारतो की ती माझी नक्की कोण लागते. शाळेतली मुलेही त्याला हेच विचारतात. नातेवाईक म्हणतात, इतके करता तर दत्तकच घ्या. मी त्याला काय सांगू?

उत्तर : तुमचे पत्र मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही वाटले की ती मुलगी तुमच्या घरातले आपले स्थान विचारते आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका गोष्टीपाशी थांबले. तिला पाच वर्षांचा भाऊ आहे, तो आजीकडे आहे, आणि भाऊबीजेच्या दिवशी ती त्याच्याजवळ नव्हती. तुमच्या मुलासमोर मांडलेला पाट पाहून तिला तो आठवला नसेल असे मला वाटत नाही. ‘मी कोण म्हणून ओवाळू’ या प्रश्नात ‘याला ओवाळले तर त्याचे काय’ हाही प्रश्न असू शकतो. नऊ वर्षांच्या मुलीला तो इतक्या सरळ शब्दांत मांडता येत नाही, आणि तुमचे मन दुखेल या भीतीने ती तो मांडणारही नाही.

म्हणून मुलाला काय सांगायचे हे ठरवण्याआधी एक काम करा. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील तुमच्या प्रकरणाचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांना भेटून या भावंडांची भेट नियमित कशी घडवता येईल ते विचारा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात प्रतिपालकत्वाविषयीचे जे कलम आहे, त्यात भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे आणि समितीने प्रतिबंध केला नसेल तर जन्मदात्या आईवडिलांना मुलाला भेटू देण्याचीही तरतूद आहे. भाऊबीज होऊन गेली असली, तरी बहिणीने भावाला ओवाळायला तिथी आडवी येत नाही. तबक घेऊन एखाद्या रविवारी आजीच्या घरी जा आणि तुमच्या मुलालाही बरोबर न्या. ती आपल्या भावाला ओवाळताना त्याने पाहिले, तर त्याच्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर त्याला तिथेच मिळेल.

आता नात्याच्या नावाविषयी. मराठीत बहिणींसाठी शब्दांची वाण नाही : सख्खी, सावत्र, चुलत, मावस, मामे, आते. यातला प्रत्येक शब्द ती कोणाच्या पोटची किंवा कोणाच्या बाजूची हे सांगतो. या ओळीत ‘मानलेली’ हा एकच शब्द वेगळा आहे, कारण तो क्रियापदातून आलेला आहे आणि त्याला कोणीतरी मानणारा लागतो. तरीही तुमच्या घरातल्या नात्याला तो पुरता बसत नाही. मानलेली बहीण आपण मोठेपणी, आपल्या मर्जीने मानतो. ती राखीपौर्णिमेला येते, चहा घेते आणि आपल्या घरी जाते. तुमच्या मुलाला मात्र सकाळी न्हाणीघरासाठी तिच्या मागे थांबावे लागते, दूरदर्शनसंचाच्या रिमोटवरून भांडावे लागते, आईचा वेळ वाटून घ्यावा लागतो. त्याने तिला निवडले नाही, तिनेही त्याला निवडले नाही. न निवडता एका छताखाली येणे हीच तर सख्ख्या भावंडांचीही स्थिती असते, आणि म्हणून मी त्याला सांगेन की ती तुझी बहीणच आहे. फरक एवढाच की तिला आणखी एक घर आहे, तिथे तिची आई आणि भाऊ आहेत, आणि ते घर तिचेच राहणार आहे.

हा फरक त्याच्यापासून लपवू नका. समितीचा आदेश मुदतीचा असतो. गरज असेल तर ती मुदत मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत वाढवता येते, आणि आई बरी झाली तर मुलगी त्याआधीही परत जाऊ शकते. तेरा वर्षांच्या मुलाला हे समजते. न सांगितले तर एक दिवस तिची पिशवी भरलेली पाहून आपल्याला फसवले असे त्याला वाटेल. सासूबाईंना वाटणारी काळजी खोटी नाही. ती गेली तर रडू येणारच. पण रडू येईल म्हणून जीव लावायचा नाही असे ठरवले, तर त्या मुलीच्या वाट्याला नुसते छप्पर येईल, आणि छप्पर तिला बालगृहातही मिळाले असते. कायद्याने तिला कुटुंबात ठेवण्याची सोय केली ती छपरासाठी नव्हे.

दत्तकाचा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना शांतपणे समजावा. दत्तक गेल्यावर मुलाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते आणि ते दत्तक आईवडिलांचे होते. प्रतिपालकत्वात ते नाते तसेच राहते, फक्त सांभाळण्याची जबाबदारी दुसरे कुटुंब घेते. ज्या मुलांना समितीने दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केले आहे, त्यांच्या बाबतीत दोन वर्षे सांभाळ केलेल्या प्रतिपालकांना दत्तकासाठी अर्ज करता येतो; पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता. तुमच्या घरातल्या मुलीची आई मात्र जिवंत आहे आणि बरे होण्यासाठी झगडते आहे. तिच्या माघारी तिचे मूल आपले करून घेण्याची घाई कोणी करू नये असे मला ठामपणे वाटते, मग हेतू कितीही मायेचा असो.

ताटे उचलण्याचा उल्लेख तुम्ही कौतुकाने केला आहे. मला त्या वाक्याने अस्वस्थ केले. परक्या घरी आलेले मूल आपले राहणे कष्टाने फेडू पाहते. कोणी सांगितलेले नसते, पण आपण उपयोगी पडलो तर आपल्याला ठेवून घेतील हा हिशेब ते मनाशी मांडते. आपल्या समाजाला हा हिशेब फार सोयीचा वाटत आला आहे. परंपरा सांगते की गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि तिथेच वाढली. नामदेवांच्या घरात वाढलेल्या या मुलीने आपली नाममुद्रा ‘नामयाची बहीण’ अशी केली नाही, ‘नामयाची दासी’ अशी केली. त्या दास्यात भक्तीचा अर्थ आहे हे मला मान्य आहे, आणि जनाबाईचे मोठेपण त्या शब्दाने तसूभरही कमी होत नाही. पण दळण, कांडण, शेणी वेचणे हे सगळे तिच्या अभंगांत ज्या तपशिलाने येते, तो तपशील त्या घरात वाढलेल्या मुलीच्या वाट्याला काय आले होते हेही सांगतो.

माझ्या स्वतःच्या माहेरची एक गोष्ट सांगते. वडिलांच्या एका दिवंगत स्नेह्यांची मुलगी सहा वर्षे आमच्याकडे शिकायला होती. तिला कोणी कधी दुखावले नाही; कपडे, वह्या, दिवाळीचे सगळे माझ्यासारखेच असायचे. आमच्याकडे स्टीलची भांडी घेतली की दुकानातच त्यावर नाव घालून घेण्याची पद्धत होती, आणि आम्हा तिन्ही भावंडांच्या ताटांच्या काठावर आपापली नावे होती. तिचे ताट बिननावाचे होते. मांडणीतून ताटे काढताना ती स्वतःचे ताट बोटाने चाचपडून ओळखायची. ज्याच्या काठाला काही लागत नाही ते तिचे. आईच्या हे ध्यानात आले नाही, माझ्याही आले नाही. तिने मला हे सांगितले ते तिच्या मुलीच्या बारशाला, मी नेलेल्या चांदीच्या वाटीवर बाळाचे नाव पाहून. त्यानंतर मी तिच्या नावाचे ताट करून दिले, तिने ते घेतले आणि वापरते, पण जेव्हा द्यायचे होते तेव्हा ते दिले गेले नाही.

तेव्हा तुमच्या घरात उद्यापासून ताटे उचलण्याच्या पाळ्या लावा आणि मुलाची पाळी तिला करू देऊ नका. ती एखाद दिवशी रुसली, उलट बोलली, भाजी टाकून उठली, तर ते वाईट चिन्ह समजू नका. काढून टाकतील ही भीती कमी झाल्याशिवाय मूल हट्ट करत नाही. मुलाच्याही मनात काही साचले असेल. त्याला एकट्याला घेऊन कधी बाजारात, कधी नुसते फिरायला जा. ‘तू किती नशीबवान आहेस, तिच्याकडे बघ’ हे वाक्य दोघांच्याही देखत कधीच उच्चारू नका, कारण त्यात त्याला अपराधी आणि तिला गरीब ठरवले जाते.

शाळेतल्या मुलांना त्याने “माझी बहीण आहे, आमच्याकडे राहते” एवढेच सांगावे. तिचे वडील कसे वारले, आईला काय झाले, ही तिची गोष्ट आहे; ती कोणाला सांगायची हे तिने ठरवायचे. अशा मुलांची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्याला याच कायद्याने बंदी केलेली आहे. घरच्यांनीही तोच संयम पाळावा, आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तिचे फोटो कौतुकाच्या ओळींसह लावू नयेत. मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेखाली दरमहा मिळणाऱ्या ४,००० रुपयांवरून कोणी टोमणा मारला, तर तो तिच्या कानांवर जाणार नाही याची काळजी घ्या. ते पैसे तिच्या संगोपनासाठी शासनाने दिलेले आहेत, तिला त्यांचे ओझे वाटता कामा नये.

आणि ती ‘दादा’ म्हणाली नाही तर म्हणायला लावू नका. नावाने हाक मारू दे.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. माझ्या जन्माच्या वेळी शेजारच्या काकी आजारी पडल्या, तेव्हा माझ्या अम्मीने त्यांच्या तान्ह्या मुलीला तीनचार महिने माझ्याबरोबर अंगावर पाजले. ती माझी जिवलग मैत्रीण आहे. आता माझ्या धाकट्या भावासाठी तिचे स्थळ सुचवले जात आहे. अम्मी म्हणते ती तुमची दूधबहीण आहे, हे होणार नाही. भाऊ म्हणतो, पाजले तेव्हा तर माझा जन्मही झाला नव्हता. खरे काय?

उत्तर : तुमच्या अम्मींचे म्हणणे बरोबर आहे. शरियतमध्ये दुधाचे नाते, म्हणजे रजाअत, लग्नाच्या बाबतीत रक्ताच्या नात्यासारखेच मानले जाते, आणि ज्यांच्याशी निकाह होऊ शकत नाही अशा स्त्रियांची जी यादी कुराणाच्या सूरह निसामध्ये, २३ व्या आयतीत, आली आहे तिच्यात दूधआई आणि दूधबहीण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाजलेले मूल पाजणाऱ्या आईचे दूधमूल होते आणि म्हणून तिच्या सगळ्या मुलांचे भावंड होते, मग ती मुले आधी जन्मलेली असोत की नंतर. इस्लामी धर्मशास्त्राच्या वेगवेगळ्या मतपरंपरांपैकी कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई मताचे आहेत. त्या मतानुसार नाते लागू होण्यासाठी मूल दोन वर्षांच्या आत असताना किमान पाच वेळा पोटभर पाजलेले असावे लागते. हनफी मतात थोडेसे दूधही पुरते. तुमच्या बाबतीत तीनचार महिने पाजले असल्याने शंकेला जागा उरत नाही, तरी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी तुमच्या जमातीच्या आलिमांना विचारून घ्यावे. हे नाते फक्त पाजलेल्या मुलीपुरते असते. तिच्या ज्या बहिणी तुमच्या अम्मींच्या अंगावर प्यालेल्या नाहीत त्यांना ते लागू होत नाही. वारसाहक्क मात्र दुधाच्या नात्याने मिळत नाही.

तुमच्या भावाला हा नुसता मनाईहुकूम वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगते. प्रेषित मुहम्मद यांना बालपणी हलीमा सादिया यांनी वाढवले. हलीमांची मुलगी शैमा ही त्यांची दूधबहीण. सीरतच्या, म्हणजे प्रेषितांच्या चरित्राच्या, ग्रंथांत असे येते की हुनैनच्या लढाईनंतर कैद झालेल्यांत शैमा होत्या. त्यांनी आपली ओळख सांगितली, ती पटल्यावर प्रेषितांनी त्यांना बसायला स्वतःची चादर अंथरली, आणि माझ्याकडे राहायचे की आपल्या लोकांत परत जायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनाच दिला. त्यांनी परत जाणे पसंत केले आणि भेटवस्तू देऊन त्यांना मानाने पाठवण्यात आले. पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती, तरी नाते मोडले नव्हते. तुमच्या भावाला पत्नी दुसरी मिळेल. ही बहीण त्याला जन्माआधीच मिळालेली आहे.

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माझ्या वडिलांच्या मित्राचे सारे कुटुंब गेले, पाच वर्षांची एक मुलगी वाचली. वडिलांनी तिला सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी आणले. दत्तकाचे कागद कधी झाले नाहीत. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव पालक म्हणून आहे. तिचे लग्नही त्यांनीच लावून दिले. आई आधीच गेली, गेल्या वर्षी वडीलही मृत्युपत्र न करता गेले. माझे दोन्ही भाऊ म्हणतात तिचा काही हक्क नाही. तेराव्यानंतर त्यांनी तिला एकदाही बोलावले नाही. कायदा काय म्हणतो आणि मी काय करावे?

उत्तर : कायद्यापुरते तुमचे भाऊ बरोबर बोलत आहेत, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसताना वडिलांची मालमत्ता तुम्हा तिघा अपत्यांकडे सारख्या वाट्याने जाते. वाढवलेल्या पण दत्तक न घेतलेल्या मुलीला त्यात वाटा नाही, आणि शाळेच्या दाखल्यावरचे पालकाचे नाव वारसा देत नाही. मात्र ‘दत्तक घ्यायचे असते तर घेतले असते’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याला थांबवा. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार स्वतःची मुलगी हयात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. तुम्ही होता, म्हणून त्या कायद्याखाली तुमच्या वडिलांना ती वाटच खुली नव्हती. त्यांनी तिला मुलीसारखे वाढवले ते कागद शक्य नसताना वाढवले.

तुम्हाला स्वतःपुरते बरेच करता येते. तुमचा एक तृतीयांश वाटा तुमचा आहे, आणि तो किंवा त्यातला भाग तुम्ही तिला नोंदणीकृत बक्षीसपत्राने आज देऊ शकता किंवा मृत्युपत्राने मागे ठेवू शकता. हक्कसोडपत्राचा उपयोग येथे नाही, कारण ते सहहिस्सेदाराच्या लाभात करायचे असते. स्वतःच्या मुलांना किंवा नातवंडांना घर वा शेत देताना मुद्रांक शुल्काची जी मोठी सवलत मिळते ती तिच्यासाठी मिळणार नाही, म्हणून खर्चाचा अंदाज आधी घ्या. शेतजमिनीचे आणखी अवघड आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीच्या नावे शेतजमीन सहसा परवानगीशिवाय होत नाही, त्यामुळे तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या घरी शेती आहे का ते पाहून वकिलाचा सल्ला घ्या. गावातले घर, दागिना किंवा ठेव यांतून देणे सोपे पडेल.

पण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त बोचले ते शेवटचे वाक्य. पाच वर्षांची असताना एका पहाटे तिचे सगळे घर गेले. वडिलांनी तिला दुसरे माहेर दिले आणि तेराव्यानंतर तेही बंद झाले. जमिनीचा वाटा कदाचित तिने मागितलाही नसेल. चार दिवस हक्काने जाऊन राहायला, आल्या आल्या “चहा टाक गं” म्हणायला एक घर तिला हवे असेल. ते देण्यासाठी भावांच्या संमतीची किंवा मुद्रांकाची गरज नाही. तुमचे सासरचे घर तिचे माहेर होऊ शकते. आपल्याकडे आई गेल्यावर थोरल्या बहिणीचे घर माहेर झाल्याची उदाहरणे घरोघर आहेत. भावांशी बोलताना हक्काचा मुद्दा काढून वाद घालू नका. वडिलांच्या वर्षश्राद्धाला तिला मी घेऊन येणार आहे, एवढे सांगा आणि घेऊन या. दारातून परत पाठवण्याइतके ते कठोर असतील असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

पत्राच्या ताज्या कलमात तुम्ही लिहिले आहे की वैशाखात तुमच्या मुलाचे लग्न आहे आणि पत्रिकेचा मजकूर लिहून व्हायचा आहे. त्यात निमंत्रकांच्या नावांत मावशी म्हणून तिचे नाव घाला, वेगळ्या ओळीत नव्हे, तुमच्या भावांच्या नावांना लागूनच. माहेरचे आडनाव लिहिताना तिच्या जन्मदात्या वडिलांचे लिहायचे की तुमच्या वडिलांचे, हे तुम्ही ठरवू नका. मजकूर छापखान्यात देण्याआधी तिला फोन करून विचारा.